मेलबर्नची ट्रॅम: माझ्या दोन गुडघ्यांचा अभिप्राय

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तक्रार करायला नको. मी इंजिनिअर नाही, ट्रॅमची शौकीनही नाही. वय ६८, डावा गुडघा पार गेलेला, उजवा त्याच वाटेवर. मध्य रेल्वेत तिकीट खिडकीच्या आत ३१ वर्षं काढली. २०२५ साली मार्च ते ऑगस्ट मुलीकडे मेलबर्नला होते. तिची रजा संपली होती, नात नऊ महिन्यांची, आणि जावयाने बाबागाडी माझ्या हातात देऊन सांगितलं, ‘‘आई, घरात बसू नका, ट्रॅम आहे ना.’’ त्या सहा महिन्यांत मी आणि नातीने त्या ट्रॅममधून जेवढं शहर पाहिलं तेवढं जावयाने आठ वर्षांत पाहिलं नसेल. तेव्हा हा अभिप्राय दोन गुडघे आणि एक बाबागाडी यांचा आहे. धडधाकट माणसाला कदाचित वेगळं वाटेल.

मुलगी राहते ब्रुन्सविक ईस्टमध्ये. घरातून निघून एका बाजूला गेलं की निकल्सन स्ट्रीट, तिथून ९६ नंबर. दुसऱ्या बाजूला लायगन स्ट्रीट, तिथून १ आणि ६. आणखी पुढे, माझ्या चालीने वीसेक मिनिटांवर, सिडनी रोड आणि १९ नंबर. चारही नंबर शहरातच जातात. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, काय फरक पडतो, जी येईल ती घ्यावी. दुसऱ्या आठवड्यात कळलं की फरक आकाशपाताळाचा आहे.

९६ ची ट्रॅम ‘ई’ वर्गाची. ३३ मीटर लांब, म्हणजे आपल्या लोकलचा साधारण दीड डबा. तीन भाग, मध्ये सांधे, वळणावर सापासारखी वळते. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा याच मार्गावर उतरवली, आणि नंतर अशा १०० बांधल्या, त्याही मेलबर्नच्याच डँडिनॉन्ग भागातल्या कारखान्यात. कागदावर २१० माणसांची क्षमता (हे ऐकून डोंबिवलीचा जलद लोकलवाला हसेल), पण बसायला जागा फक्त ६४. हा तिचा पहिला दोष. संध्याकाळी पाचनंतर शहरातून येताना उभंच राहावं लागतं. तिथली कॉलेजची पोरं मात्र केस पिकलेला माणूस दिसला की न सांगता उठतात. एक मुलगी तर कानातलं काढून, हाताला धरून मला बसवून गेली. मी ‘थँक्यू बेटा’ म्हणाले, तिला ‘बेटा’ कळलं असावं.

पण ९६ चं खरं सुख दाराशी आहे. तिच्या बहुतेक स्टॉपला फलाट आहेत, साधारण फूटभर उंचीचे, आणि ट्रॅमची आतली फरशी त्या फलाटाच्या बरोबरीने येते. दार उघडलं की बाबागाडी घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यावी तशी आत. उचलायचं नाही, वाकायचं नाही, ‘जरा हात लावता का’ म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी मी सवयीने पदर खोचला, एक पाय पुढे टाकला, दांडा धरायला हात वर केला आणि तशीच आत पोचले. गुडघ्याला पत्ताच नाही. आमच्या लाइनवर फलाट आणि फूटबोर्ड यांच्यामधली ती फट आयुष्यभर बघितलेल्या बाईला यात काय वाटलं असेल ते डोंबिवली-कल्याणच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

आणि मार्गही सुरेख आहे. निकल्सन स्ट्रीटवरून खाली आलं की उजवीकडे बाग आणि घुमटाचं जुनं प्रदर्शन-भवन, त्याला लागून म्युझियम, मग पार्लमेंटपाशी वळून बर्क स्ट्रीट. इथे एक तुकडा असा की फक्त ट्रॅम आणि चालणारी माणसं. दुकानांच्या मधून ट्रॅम हळूहळू सरकते, ड्रायव्हर टणटण करतो, माणसं बाजूला होतात, कबुतरं होत नाहीत. मग स्टेशन, नदी, दक्षिण मेलबर्न, आणि तिथून पुढे सेंट किल्डाच्या समुद्रापर्यंत.

हा शेवटचा भाग माझ्या विशेष आवडीचा, कारण तो मुळात रेल्वेचा आहे. सेंट किल्डाची रेल्वे १८५७ सालची, आपली बोरीबंदर-ठाणे सुरू झाली त्यानंतर चारच वर्षांनी. १९८७ साली त्यांनी ती गाडी बंद केली, रुंद रूळ काढून ट्रॅमच्या मापाचे टाकले आणि त्याच वाटेवरून ट्रॅम सोडली. रस्त्यावर रखडत आलेली ९६ त्या वाटेला लागली की एकदम लोकलसारखी सुटते. मोटारी नाहीत, दोन्ही बाजूंना झाडं आणि घरांच्या मागच्या भिंती. अल्बर्ट पार्क आणि मिडल पार्क इथे जुन्या स्टेशनांच्या विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत. मिडल पार्कला मी दर वेळी खिडकीतून बघायचे, बुकिंग ऑफिस कुठे असेल, खिडकी कुठल्या बाजूला असेल. माझ्यासारखीच कुणीतरी तिथे बसून ‘सुट्टे द्या’ म्हणत असणार.

शेवटी लूना पार्कचं ते अक्राळविक्राळ तोंड, ज्याच्या जबड्यातून आत जायचं, आणि जवळच अ‍ॅकलंड स्ट्रीटवर केकची जुनी दुकानं. मला मधुमेह आहे. म्हणून अर्धाच खायचे.

आता सिडनी रोडची १९. तीही ट्रॅमच, त्याच शहराची, तेच कार्ड, तेच भाडं. पण गाडी ‘बी’ वर्गाची, १९८० आणि ९० च्या दशकातली, आणि आत जायला पायऱ्या. त्यातून सिडनी रोडला फलाट नाहीत. ट्रॅम रस्त्याच्या मधून जाते, आपण फुटपाथवर उभे. ती थांबली की फुटपाथवरून उतरायचं, मोटारींची एक लेन ओलांडायची आणि थेट डांबरावरून पहिल्या पायरीवर पाय टाकायचा. नियम असा की थांबलेल्या ट्रॅमच्या मागे मोटारींनी थांबलंच पाहिजे. बहुतेक जण थांबतात. एकदा एक पांढरी मोटार नाही थांबली. कुठला स्टॉप, कुठला नंबर ते सांगत नाही, पण बाबागाडीचं पुढचं चाक आणि त्या मोटारीचा आरसा यांत हातभर अंतर राहिलं. ड्रायव्हरने घंटा बडव-बडव बडवली. माझ्या मागच्या एका दाढीवाल्या माणसाने इंग्रजीत जे काही म्हटलं ते नातीच्या कानावर जाऊ नये असं होतं. मग त्यानेच बाबागाडी एका बाजूने उचलली, आतून एका बाईने दुसऱ्या बाजूने, आणि मी दोन्ही हातांनी दांडा धरून एकेक पाय वर घेतला. सगळी ट्रॅम माझ्यासाठी थांबलेली. कुणी काही बोललं नाही, पण तुम्हाला माहीतच आहे कसं वाटतं ते.

घरी येऊन मुलीला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जावयाला सांगितलं, त्याने तिला सांगितलं, आणि आठवडाभर मला निकल्सन स्ट्रीटच्या पलीकडे जायची बंदी झाली.

पण सिडनी रोड सोडवत नव्हता. तिथे लेबनॉनच्या लोकांच्या बेकऱ्या आहेत, झातर नावाचा मसाला लावलेली गरम रोटी मिळते, मोठ्या जुड्या बांधलेली कोथिंबीर मिळते. मग मी रेल्वेवालीची युक्ती काढली. सिडनी रोडला अगदी समांतर, एक गल्ली सोडून, अपफील्डची लोकल जाते. ब्रुन्सविक, अ‍ॅन्स्टी अशी जवळजवळ स्टेशनं. ९६ ने शहरात जायचं, तिथून लोकल पकडून परत वर यायचं. लांबचा फेरा खरा, पण तिकीट दोन तासांचं असतं आणि त्यात ट्रॅम-लोकल सगळं चालतं. कोथिंबिरीसाठी एवढा प्रवास करणारी बाई जावयाने दुसरी पाहिली नाही म्हणे.

माझ्या मनात खूप दिवस एक हिशेब घोळत होता. नवी गाडी आणली की काम झालं असं आपल्याला वाटतं. पेपरात फोटो येतो, नारळ फुटतो, ‘लो-फ्लोअर’ असं मोठ्या अक्षरात छापतात. पण लो-फ्लोअर गाडी बिनफलाटाच्या स्टॉपवर आली तर काय? फरशी फूटभर खाली आली, पण माझा पाय अजून डांबरावरच आहे. आणि फलाट बांधून ठेवला, पण पायऱ्यांची जुनी गाडी आली, तर तो फलाट काय चाटायचा आहे? दोन्ही एकाच वेळी पाहिजेत, तरच गुडघ्याला सुख. तिथल्या राज्याच्या लेखापरीक्षकाने हेच मोजलं होतं. २०२० सालचा अहवाल आहे. २०१८-१९ मध्ये लो-फ्लोअर ट्रॅम आणि बरोबरीचा फलाट असा जोडा जमला तो फक्त १५ टक्के फेऱ्यांत. म्हणजे ९६ वर मला जे रोज मिळत होतं ते त्या शहरात नियम नव्हे, अपवाद. कायद्याने स्टॉप २०२२ च्या अखेरपर्यंत सुधारायचे होते, ते झाले नाहीत. गाड्यांना २०३२ अखेरची मुदत आहे. नव्या ‘जी’ वर्गाच्या १०० ट्रॅमची ऑर्डर २०२२ सालीच दिली आहे, त्या २५ मीटरच्या, म्हणजे ‘ई’पेक्षा आखूड, आणि पायऱ्यांच्या जुन्या गाड्यांची जागा घेणार आहेत. गाड्या येतीलच. फलाटांचं बघा म्हणावं.

अवघड काय आहे तेही मी पाहिलं, उगाच नावं ठेवत नाही. मेलबर्नचं जाळं जगातलं सगळ्यांत मोठं, दुहेरी रुळाचे २५० किलोमीटर, १,७०० च्या आसपास स्टॉप. त्यातल्या तीन चतुर्थांश रुळांवर मोटारीही चालतात. सिडनी रोडसारख्या अरुंद रस्त्यावर फलाट घालायचा तर मोटारींची पार्किंग जाणार, आणि पार्किंग जाणार म्हटलं की दुकानदार पेटतात. हे आपल्याला नवीन नाही. रानडे रोडवर करून बघा.

शहराच्या मध्यभागी मात्र त्यांनी जमवून आणलंय. स्वॉनस्टन स्ट्रीटवर एकामागोमाग ट्रॅम, लांबलचक फलाट, आणि एक गंमत: सायकलवाल्यांची वाट त्या फलाटावरूनच जाते. ट्रॅम उभी असली की सायकलने थांबायचं. बहुतेक थांबतात, तरी उतरताना आधी डावीकडे बघून घ्या. मोटारींसाठी तर अजब नियम आहे. उजवीकडे वळायचं असेल तर गाडी आधी रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला न्यायची, तिथे सिग्नल बदलेपर्यंत थांबायचं आणि मग सगळा चौक ओलांडून उजवीकडे. का, तर मधल्या रुळावर ट्रॅमला कुणी आडवं येऊ नये. आमचा जावई या एका कारणासाठी शहरात गाडी नेत नाही. ट्रॅमची ही जाहिरात मला सगळ्यांत आवडली.

जाहिरातीवरून आठवलं. ट्रॅमसमोर आडवे जाऊ नका हे सांगायला त्यांनी गेंडा निवडलाय. स्केटबोर्डवर बसलेला गेंडा. एका ट्रॅमचं वजन ३० गेंड्यांएवढं, असा हिशेब. नातीसाठी मी गेंड्याचं एक गाणंही रचलं होतं, ते इथे देत नाही.

तिकीट. आता माझं खातं आलं, तेव्हा जरा थांबते. तिथे ‘मायकी’ नावाचं कार्ड आहे. २०२५ मध्ये कोरं कार्ड ६ डॉलरला होतं, वर पैसे भरायचे वेगळे. तेव्हा दोन तासांचे ५ डॉलर ५० सेंट पडायचे, दिवसभर कितीही फिरलात तरी ११ डॉलरच्या वर कापत नसे. चढलं की दाराजवळच्या यंत्राला टेकवायचं, उतरताना ट्रॅममध्ये गरज नाही. ट्रॅममध्ये तिकीट मिळत नाही, ड्रायव्हर काचेच्या पलीकडे बंद. कार्ड आधीच स्टेशनवरून किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन ठेवायचं. आपल्यासारखा पाहुणा पहिल्या दिवशी इथेच अडतो. शहराच्या मध्यभागात २०१५ पासून ट्रॅम फुकट आहे, तिथे कार्ड टेकवायचंच नाही. टेकवलंत की पैसे गेले. मी पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे टेकवलं. ३१ वर्षं लोकांना तिकीट काढायला लावलेल्या बाईला फुकटात बसणं जमत नाही.

मध्ये चार दिवस सिडनीला भाच्याकडे गेले होते. तिथे ट्रॅमला कुठलंही बँकेचं कार्ड चालतं, वेगळं काही घ्यावं लागत नाही. गाड्या दोन-दोन जोडलेल्या, ६७ मीटर, सगळ्या स्टॉपला फलाट, आणि बंदरापासून टाऊन हॉलपर्यंत वर ओव्हरहेड वायरच नाही, वीज रुळांच्या मधून मिळते. तिकिटात आणि फलाटात सिडनी पैकीच्या पैकी. पण त्यांनी १९६१ साली जुनी ट्रॅम उखडून टाकली आणि २०१९ मध्ये शहरात नव्याने घालताना खर्च १.६ अब्ज डॉलरवरून ३ अब्जांच्या वर नेला. मेलबर्नने उखडलीच नाही. रॉबर्ट रिसन नावाचे तिथले ट्रॅममंडळाचे अध्यक्ष १९४९ ते १९७० हटून बसले आणि ट्रॅम राहिली.

आणि कंडक्टर? ते मेलबर्नमध्येही होते, १९९८ पर्यंत. त्याआधी एकदा सरकारने त्यांना काढून खरवडायची तिकिटं आणायचं ठरवलं, तेव्हा १९९० च्या जानेवारीत ट्रॅमवाल्यांनी सगळ्या ट्रॅम शहराच्या मध्यभागी आणल्या. वीज तोडली गेली आणि ट्रॅम महिनाभर रस्त्यातच रांगेने उभ्या राहिल्या. ही गोष्ट मला एका म्हाताऱ्या सहप्रवाशाने सांगितली, नंतर जावयाने शोधून वाचून दाखवली, खरी निघाली. ऐकताना मी नकळत त्यांच्या बाजूची झाले. खिडकीच्या आत बसलेल्या माणसाची जागा यंत्राने घेतलेली मी पाहिलीय. यंत्र सुट्ट्यांवरून भांडत नाही, हे खरं. ‘मावशी, हळू, पायरी आहे’ असंही म्हणत नाही.

३५ नंबरबद्दल दोन शब्द. ती शहराभोवती फिरणारी, फुकट, जुन्या ‘डब्ल्यू’ वर्गाची ट्रॅम. या जातीच्या गाड्या १९२३ पासूनच्या. आत लाकूड, पिवळे दिवे, चालताना सगळं अंग कुरकुरतं. माझ्यासारखंच. चढायला पायऱ्या आहेतच. तरीही मी गेले, नातीला मुलीकडे सोडून, आणि खिडकीशी बसल्यावर मला एकदम लहानपणचं, मुंबईतलं नायगाव आठवलं.

१९६४ च्या ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्रॅम बोरीबंदरहून दादरला निघाली. मी साडेसहा वर्षांची. बाबांनी मला रस्त्यावर उभं राहून दाखवली. आत शिरायची सोयच नव्हती, एवढी माणसं लटकलेली. त्याआधी मात्र त्यांच्याबरोबर वरच्या मजल्यावर बसून गेल्याचं आठवतं, आपली ट्रॅम दुमजली होती. त्या जिन्याच्या पायऱ्या मी उड्या मारत चढायचे. घोड्यांची ट्रॅम १८७४ ला आली, विजेची १९०७ ला, आणि ५७ वर्षांत आपण विजेचीही मोडीत काढली. बाबा म्हणायचे, हळू चालते म्हणून काढली. मेलबर्नची ट्रॅमसुद्धा ताशी सरासरी १६ किलोमीटरच जाते. ३५ मध्ये बसून मी हाच विचार करत होते, तेवढ्यात उतरायचा स्टॉप गेला. गोल फिरणारी आहे, म्हणून पुन्हा एक चक्कर मारली.

जायचं असेल त्यांच्यासाठी: आई-वडिलांना घेऊन गेलात तर घर ९६ च्या जवळ बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. जुन्या नंबरांवर जायची वेळ आलीच तर सकाळी दहा ते तीनमध्ये जा, आणि चढल्याबरोबर पहिला दांडा धरा, बसायच्या आधी ती सुटते. बाबागाडी घडीची घ्या. थंडीत स्टॉपवरच्या लोखंडी बाकावर बसू नका, गुडघा आखडतो.

माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलंय. सहा आठवड्यांत जिना चढाल म्हणाले डॉक्टर. मुलीला फोनवर सांगितलं तर म्हणते, ‘‘आई, मग पुढच्या खेपेला सिडनी रोडला १९ नेच जाऊ.’’

मी म्हटलं, ‘‘अगं, उजवा अजून बाकी आहे.’’